पाठीवरचं घर किती हलकं असावं?

तंबू या विषयावर कवीनं काय बोलायचं, असं तुमच्यापैकी कुणाला वाटेल. पण तंबूचा आणि कवितेचा संबंध बराच जुना आहे. अरबी भाषेत 'बैत' म्हणजे घर, आणि वाळवंटात फिरणाऱ्या माणसाचं घर म्हणजे तंबूच. याच 'बैत' शब्दाचा दुसरा अर्थ कवितेतली एक पूर्ण ओळ. आठव्या शतकात खलील बिन अहमद यांनी अरबी छंदशास्त्राची मांडणी केली, तेव्हा अक्षरगटांना त्यांनी नावं दिली ती 'सबब' आणि 'वतद' अशी. सबब म्हणजे तंबूची दोरी आणि वतद म्हणजे तंबूची मेख. माधव जूलियनांनी ज्याच्या रुबाया मराठीत आणल्या, त्या उमर खय्यामच्या नावातला 'खय्याम' म्हणजे तंबू शिवणारा. तेव्हा या विषयावर बोलायला मला फारसा संकोच वाटत नाही. फक्त आज दोरी आणि मेख हे शब्द मी त्यांच्या साध्या, रोजच्या अर्थानं वापरणार आहे.

निमित्त घरातलंच आहे. माझी भाची मुंबईत नोकरी करते. तिनं मनात घेतलंय की विजयदुर्गपासून रेडीपर्यंत आपल्या सिंधुदुर्गाचा किनारा पायी चालायचा, आणि तिथून बांदा, दोडामार्ग करत घाट चढून आंबोली गाठायची. बारा-चौदा दिवसांची चाल, तीही एकटीनं. मला तिचा फोन आला, "मामू, सगळ्यात हलका तंबू कुठला ते सांगा." तिच्या आईचा, म्हणजे माझ्या आपाचा, त्याच संध्याकाळी फोन. म्हणाली, "तिला तंबू सांगू नकोस, घरी बसायला सांग." मी स्वतः गेली कित्येक वर्षं हिवाळ्यात हा किनारा तुकड्यातुकड्यानं चालत आलोय. आता पंचावन्न ओलांडल्यावर गुडघे पाठीवरच्या प्रत्येक किलोचा हिशेब मागतात. त्यामुळे भाचीचा प्रश्न मला कळतो आणि बहिणीची काळजीही कळते. त्या दोघींना जे उत्तर दिलं, तेच आज जरा विस्तारानं मांडतो.

आपल्याकडे लांब पायी चालण्याची परंपरा मोठी आहे. आळंदीहून पंढरपूरपर्यंत वारकरी सुमारे अडीचशे किलोमीटर चालतात. पण दिंडीच्या राहुट्या ट्रकमधून पुढे जातात आणि मुक्कामी उभ्या राहतात. नर्मदेची परिक्रमा करणारे त्याहून कितीतरी जास्त चालतात, पण त्यांना आश्रम, धर्मशाळा आणि गावोगावचे ओटे असतात. छप्पर स्वतःच्या पाठीवर घेऊन चालायची वेळ आपल्या लोकांवर फारशी आली नाही. हा प्रकार परदेशात वाढला. अमेरिकेतली अपॅलॅशियन वाट १९३७ साली पूर्ण झाली. १९५५ मध्ये एमा गेटवूड नावाच्या सदुसष्ट वर्षांच्या आजीबाई ती सलग चालून गेल्या. सुमारे ३३०० किलोमीटर! पाठीशी घरी शिवलेली जाड्याभरड्या कापडाची पिशवी, आणि आडोशाला न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. तंबू नव्हताच. पुढे १९९० च्या दशकात रे जार्डिन यांनी कमी वजनाच्या चालीचा विचार पुस्तकातून मांडला आणि त्याचं एक शास्त्रच झालं. अन्न, पाणी आणि इंधन वगळून पाठीवरचं सगळं सामान साडेचार किलोंच्या आत असेल, तर त्याला आज 'अतिहलकं' म्हणतात.

या साडेचार किलोंत तंबूच्या वाट्याला किती येणार? बाजारात सहज मिळणारा दोन माणसांचा साधा तंबू अडीच-तीन किलोंचा असतो. अतिहलका म्हणवणारा एका माणसाचा तंबू एक किलोच्या आसपास, आणि अगदी उंची कापडाचा अर्ध्या किलोच्या जवळपास. कारखान्यात काही जादू होत नाही. जे वजन कमी झालं ते कापडाच्या जाडीतून, काठ्यांतून, आतल्या जागेतून किंवा एखादा थर गाळून काढलेलं असतं. त्याची भरपाई कुणी तरी करतं. कधी आपला खिसा करतो, कधी तंबूचं आयुष्य घटतं, आणि कधी चालणाऱ्याच्या अंगी जास्त कसब असावं लागतं. म्हणून "किती हलका?" याच्या आधी "कुठलं वजन काढलंय?" हे विचारावं.

आता कापडाकडे येऊ. कापडावर 'डेनियर' असा आकडा असतो. नऊ हजार मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. अतिहलक्या तंबूचा धागा दहा ते वीस डेनियरचा असतो. म्हणजे नऊ किलोमीटर धाग्याचं वजन फक्त दहा-वीस ग्रॅम! साहजिकच असं कापड करवंदीच्या काट्याला आणि जांभ्याच्या खरबरीत दगडाला टिकत नाही. आपली नेहमीची ताडपत्री घ्या. दुकानदार तिचं जीएसएम सांगतो, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन. दीडशे जीएसएमची तीन मीटर बाय तीन मीटर ताडपत्री भरेल तेराशे पन्नास ग्रॅम. तेवढंच सिलिकॉन चढवलेलं नायलॉनचं कापड भरेल चारशेच्या आसपास. फरक मोठा आहे, पण ताडपत्री काट्यावरून ओढता येते, हे कापड येत नाही.

दुसरा आकडा असतो मिलिमीटरचा, आणि त्यानं कोकणातला माणूस हमखास गोंधळतो. तंबूच्या चिठ्ठीवर '३००० मि.मी.' लिहिलेलं असतं. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, मग हा तंबू तिथे निम्म्या पावसातच फुटणार का? तसं नाही. हा पावसाचा आकडा नव्हे. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा करत गेलं, तर किती उंचीला पाणी पलीकडे पाझरू लागेल, तो हा आकडा. दीड हजाराचं छत साध्या पावसाला पुरतं. तळाच्या कापडाला मात्र जास्त लागतं, कारण ओल्या जमिनीवर आपण गुडघा टेकला की तेवढ्याच जागी मोठा दाब पडतो. शिवणींचंही पाहावं. पॉलियुरेथेनचा लेप असलेल्या कापडाच्या शिवणींवर कारखान्यातच पट्टी चिकटवता येते. सिलिकॉनच्या कापडावर ती पट्टी धरत नाही, त्याला सिलिकॉनचंच लुकण लावावं लागतं. आणि आपल्या दमट हवेत पॉलियुरेथेनचा लेप कपाटात पडून राहिला, तर काही वर्षांत चिकट होतो आणि त्याला आंबूस वास येतो. म्हणून तंबू पिशवीत कोंबून ठेवू नये. पूर्ण वाळवून, सैल घडी घालून, हवेशीर जागी ठेवावा.

पण हे सगळं बाहेरच्या पाण्याबद्दल झालं. आपल्या किनाऱ्यावर डिसेंबर-जानेवारीत तंबूतला माणूस भिजतो तो बहुतेक वेळा आतल्या पाण्यानं. झोपलेला माणूस श्वासातून आणि अंगातून रात्रभरात पेलाभर तरी पाणी वाफेच्या रूपानं सोडतो. आकाश निरभ्र असलं की तंबूचं पातळ कापड हवेपेक्षाही गार पडतं आणि ती वाफ त्याच्या आतल्या बाजूनं थेंब होऊन बसते. पहाटे कूस बदलली की पाठ ओली. लोक म्हणतात तंबू गळतो. तो गळत नसतो. त्याला श्वास घ्यायला जागा ठेवलेली नसते.

आपल्या जुन्या लोकांनी हा प्रश्न फार चांगला सोडवला होता. अरबस्तानातल्या बदाऊनी लोकांचा काळा तंबू शेळीच्या केसांचा. कोरड्या हवेत त्याची वीण सैल असते, हवा खेळते. पाऊस आला की धागे फुगतात आणि भोकं बुजतात. पण तो वाहायला उंट लागतो! आपल्याकडचं इरलं पाहा. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानांचा थर, पाठीवर उलट्या होडीसारखं घ्यायचं आणि भात लावायचा. वरून मुसळधार पाऊस पडला तरी पाठ कोरडी, आणि खालून पूर्ण उघडं असल्यामुळे आत घाम कोंडत नाही. आजचे अतिहलके प्रवासी नुसतं एक चौकोनी कापड दोन काठ्यांवर ताणून खाली झोपतात, ते तत्त्वानं इरलंच आहे.

यातून निवडीचा पहिला नियम निघतो. दमट प्रदेशात दोन थरांचा तंबू घ्यावा. आत बारीक जाळीची खोली, बाहेर पाणी अडवणारं छत, आणि दोहोंत बोटभर-वीतभर अंतर. वाफ जाळीतून बाहेर जाते, थेंब बाहेरच्या छतावर बसतात, आपलं अंथरूण कोरडं राहतं. एकाच थराचा तंबू दोन-तीनशे ग्रॅमनी हलका असतो. कोरड्या हवेच्या मुलखात तो चालतो. मालवणात नाही.

दुसरा प्रश्न, नायलॉन की पॉलिएस्टर? नायलॉन वजनाच्या मानानं जास्त बळकट. पण ते पाणी पितं आणि ओलं झालं की सैलावतं. संध्याकाळी तबल्यासारखा ताणलेला तंबू पहाटे पोक काढून अंगावर येतो. रात्री उठून तणावे पुन्हा ओढावे लागतात. पॉलिएस्टर थोडं जड, पण भिजून फारसं सैलावत नाही आणि उन्हातही जास्त टिकतं. उन्हात पडून राहिलेलं नायलॉनचं जाळं हळूहळू कुजतं, हे आपल्या कुठल्याही रापणकराला सांगावं लागत नाही. तिसरा प्रकार डायनीमाच्या कापडाचा. हे मूळचं शर्यतीच्या नौकांच्या शिडांसाठी पुढे आलेलं कापड. पाणी पीत नाही, ताणत नाही, वजन नावालाच. पण घासलं की झिजतं, टोकदार वस्तूनं भोक पडतं, आणि अशा तंबूची किंमत पन्नास हजारांच्या पुढे जाते. एवढ्या पैशांत आमच्याकडे जुनी मोटारसायकल येते.

आता सांगाड्याकडे येऊ. अतिहलक्या तंबूंत स्वतंत्र काठ्या नसतात. चालताना हातात धरायच्या काठ्याच रात्री खांब होतात. युक्ती छान आहे, तीन-चारशे ग्रॅम वाचतात. पण असा तंबू उभा राहतो तो पूर्णपणे मेखांच्या भरवशावर. आपल्या जिल्ह्यात जमीन दोन टोकांची. खाली पुळण, वर सडा. पुळणीत मेख राहत नाही आणि सड्यावरच्या कातळात ती शिरत नाही. पुळणीवरचा उपाय मला तोंडवळीकडच्या एका मच्छीमारानं दाखवला. म्हणाला, "हंय मेख उभी ऱ्हवाची नाय, आडी पुरूक व्हयी." नांगर जसा वाळू धरतो, तशी मेख किंवा नारळाचं सोडण दोरीला बांधून वीतभर खोल आडवं पुरायचं आणि वर वाळू दाबायची. कातळावर दोरी मोठ्या दगडाला बांधायची. हे जमत असेल तर काठ्यांचा तंबू घ्यावा. नसेल तर स्वतःच्या कमानीवर उभा राहणारा घ्यावा आणि ते तीनशे ग्रॅम आनंदानं वाहावेत.

वाऱ्याचंही एक गणित आहे. दिवसा समुद्राकडून खारा वारा येतो, रात्री जमिनीकडून मतलई वाहतो. संध्याकाळी वाऱ्याकडे पाठ करून तंबू लावला, तरी पहाटे वारा दुसऱ्या अंगानं येणार. म्हणून एका बाजूनं उघडा राहणारा आडोसा आपल्या किनाऱ्याला सोयीचा नाही. दोन्ही टोकांना झरोका हवा आणि दोन्ही टोकांचे तणावे सारखेच पक्के हवेत.

आणि आता ज्या मुद्द्यावर मी भाचीशी अडून बसलो, तो मुद्दा. हलकेपणाच्या नादात लोक आधी आतली जाळी आणि तळ काढून टाकतात. त्यानं चार-पाचशे ग्रॅम वाचतात खरे. पण आपल्या सड्यांवर फुरसं असतं. ते रात्री हिंडतं, एवढंसं असतं, आणि चावलं तर रुग्णालय गाठेपर्यंत जिवाची घालमेल होते. दुसरी गोष्ट गोचिडीची. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला माकडताप २०१६ मध्ये आपल्या दोडामार्ग तालुक्यात मोठ्या प्रमाणावर आला आणि पुढे बांदा भागातही त्याचे रुग्ण निघाले. तो पसरतो जंगलातल्या गोचिडींतून. त्यांची पिल्लं खसखशीएवढी असतात, पालापाचोळ्यात असतात, आणि त्यांचा जोर असतो नेमका हिवाळ्यापासून पावसाळ्यापूर्वीपर्यंत, म्हणजे आपण चालायला निघतो तेव्हाच. काजूच्या बागेत किंवा रानात पाचोळ्यावर नुसतं कापड अंथरून झोपणं म्हणूनच धोक्याचं. चारी बाजूंनी बंद होणारी जाळी, शिवलेला तळ आणि नीट लागणारी चेन ही आपल्या भागात चैन नव्हे. भाचीला मी म्हटलं, "दुसरी जीन्स घरी ठेव, जाड पुस्तक घरी ठेव, पण ही जाळी काढू नकोस."

तंबू कितीही चांगला असला तरी तो कुठे लावला यावर रात्र अवलंबून असते. माडाखाली कधीच लावू नये. पडणारा नारळ कापड बघत नाही. सुरूच्या बनात दंव कमी पडतं आणि वाराही अडतो. भरतीची खूण पाहावी आणि पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाचा हिशेब धरावा. पण भरतीरेषेच्या वरची जी कोरडी, मऊ जागा आपल्याला आवडते, तीच ऑलिव्ह रिडले कासवांच्या मादीलाही आवडते. तांबळडेग, वायंगणी अशा किनाऱ्यांवर साधारण नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत कासवं अंडी घालायला येतात. गावातली माणसं रात्र-रात्र जागून ती घरटी राखतात. अशा पुळणीवर तंबू लावू नये, पांढरा दिवाही पेटवू नये. दिव्याच्या उजेडानं पिल्लांची समुद्राची दिशा चुकते. जिथे लावू तिथे गावात आधी विचारावं. केंद्र सरकारच्या संरक्षित किल्ल्यांत तर मुक्कामाचा विचारच नको.

हंगामाचंही तसंच. ऑक्टोबर २०१९ च्या शेवटी आलेलं क्यार वादळ आणि मे २०२१ मधलं तौक्ते आपण विसरलेलो नाही. तौक्तेत पक्क्या घरांची कौलं उडाली. त्याच्यापुढे एक किलोचा तंबू म्हणजे रुमाल. डिसेंबर ते फेब्रुवारी हाच या चालीचा काळ. त्याच्या आगेमागे निघायचं तर हवामान खात्याचा इशारा रोज ऐकावा आणि इशारा आला की तंबू गुंडाळून पक्कं छप्पर गाठावं.

तंबू विकत घ्यायच्या आधी दुकानात तो उभा करून घ्यावा आणि आत आडवं होऊन पाहावं. पाय आणि डोकं कापडाला लागत असेल तर दंवाचं पाणी अंथरुणात येणार. चिठ्ठीवर वजनाचे दोन आकडे असतात. एक नुसत्या तंबूचा, दुसरा मेखा, दोऱ्या, पिशवीसकट. आपण वाहणार तो दुसरा. मग घरी अंगणात दोन रात्री झोपावं, एक रात्र बादलीनं पाणी ओतून. अंधारात, वाऱ्यात, दहा मिनिटांत तो उभा करता आला पाहिजे.

भाचीनं शेवटी घेतला तो चौदाशे ग्रॅमचा. दोन थरांचा, पॉलिएस्टरच्या छताचा, स्वतःच्या कमानीवर उभा राहणारा. जगातल्या सगळ्यात हलक्या तंबूच्या तिप्पट वजनाचा आणि त्याच्या पाव किमतीचाही नाही. चारशे ग्रॅम जास्त झाले म्हणून ती जरा खट्टू होती. तेवढं वजन आम्ही दुसऱ्या सामानातून काढलं. वाटेत गावोगाव विहिरी आणि चहाची दुकानं आहेत, तेव्हा पाण्याची एक बाटली कमी केली.

राहिली आपाची काळजी. त्यावर तोडगा असा निघाला की रोज संध्याकाळी दिवस असतानाच तिनं एखाद्या घराशी थांबायचं आणि अंगणात तंबू लावू का म्हणून विचारायचं. त्या घरातल्या बाईशी आईचं फोनवर बोलणं करून द्यायचं. गेटवूड आजीबाईसुद्धा कितीतरी रात्री लोकांच्या ओसरीवरच झोपल्या होत्या. आणि मला माझी माणसं माहीत आहेत. विचारलेल्या दहा घरांपैकी निम्मी तरी म्हणतील की, "आंगणात कित्याक? पडवेत नीज, आणि आधी जेव." अशा रात्री तंबू पिशवीतून काढायचाच नाही. ज्या रात्री घर मिळणार नाही त्या रात्रीसाठी मात्र तो पक्का हवा. येत्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती विजयदुर्गहून निघते आहे. तुमच्या अंगणात आली, तर तिला आधी ताजं पाणी द्या आणि गावात उधाणाची भरती कुठपर्यंत येते ते दाखवून ठेवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)